डांबराची कड आणि कठड्याचं टोक: रस्ता माणसाला कसा वाचवतो

आमच्या गावच्या फाट्यावर रस्ता रुंद झाला तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. एसटी तालुक्याला लवकर पोचू लागली, उसाच्या ट्रॅक्टरमागे रखडणं संपलं. पहिल्याच पावसाळ्यात डेअरीला दूध घालायला निघालेला एक माणूस तिथे जिवाने गेला. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन, पहाटेचा अंधार, मागून ट्रक. ट्रकला वाट द्यायला तो डांबरावरून खाली साइडपट्टीवर उतरला. डांबराच्या थरावर थर चढत गेल्यामुळे तिथली कड चांगली चार-पाच बोटं उंच झाली होती आणि खालचा मुरूम पावसाने वाहून गेला होता. परत वर चढताना पुढचं चाक त्या कडेला घासलं, हँडल फिरलं आणि तो डांबरावर आडवा झाला, ट्रकच्या मागच्या चाकापुढे.

कागदावर कारण आलं, वाहनावरील ताबा सुटल्याने. ते खोटं नाही. पण ती कड मी दुसऱ्या दिवशी हाताने चाचपून पाहिली आणि तेव्हापासून रस्त्यांकडे बघायची माझी नजर बदलली. त्या नजरेला जे दिसतं ते इथे सोप्या शब्दांत मांडतो आहे.

आधी आकडा. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. रोजची साधारण ४६०. महाराष्ट्राचा वाटा पंधरा हजारांहून जास्त. मेलेल्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवाले होते आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारे. दर तिघांतले जवळजवळ दोघे असे, की ज्यांच्या अंगाभोवती पत्र्याचा आडोसासुद्धा नव्हता.

यावर आपलं ठरलेलं उत्तर म्हणजे लोकांना शिस्त नाही. हेल्मेट नाही, पट्टा नाही, मोबाइल कानाला, उलट्या बाजूने गाडी. हे सगळं आहेच आणि त्यावर दंड व्हायलाच हवा. पण जगातला सर्वांत शिस्तीचा माणूसही कधीतरी चुकतो. झोप न झालेला चुकतो, घरी आजारपण असलेला चुकतो, समोरून प्रखर दिवा डोळ्यांत आला की क्षणभर कोणीही चुकतो. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये एक धोरण मंजूर केलं, 'व्हिजन झिरो' या नावाने ते ओळखलं जातं. त्याचा गाभा एवढाच की माणूस चुकणार हे धरूनच रस्ता बांधायचा आणि त्या चुकीत कोणी मरणार नाही ही जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यानेही उचलायची. तोपर्यंत सगळा भार गाडी चालवणाऱ्यावर होता.

इथे शरीराचा हिशोब समजून घ्यावा लागतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटरने आदळणं म्हणजे साधारण साडेतीन मीटरवरून, पहिल्या मजल्यावरून पडणं. ताशी ५० म्हणजे जवळजवळ दहा मीटर, तिसरा मजला. आणि ताशी १०० म्हणजे एकोणचाळीस मीटर, बारा-तेरा मजली इमारतीची गच्ची. इमारतीच्या गच्चीला कठडा नसेल तर आपण पोरांना वर जाऊ देत नाही. तेवढ्याच उंचीचं पडणं आपण रोज रस्त्यावर बरोबर घेऊन फिरतो, फक्त ते दिसत नाही.

म्हणून जाणकारांनी काही वेग ठरवले आहेत. जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ३०. जिथे एका गाडीच्या कुशीत दुसरी घुसू शकते अशा चौकात ५०. जिथे समोरासमोर धडक होऊ शकते अशा दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ७०. त्याहून जास्त वेग हवा असेल तर आधी रस्ता तसा बांधा. आपल्याकडे उलटं होतं. रस्ता गुळगुळीत होतो, वेग आपोआप चढतो, आणि गाव, शाळा, बाजार, एसटीचा थांबा जिथल्या तिथे राहतात. खड्डे बुजल्यावर अपघातात मरणारे वाढले असं एखाद्या गावात ऐकू येतं तेव्हा लोकांना आश्चर्य वाटतं. खड्ड्यांनी वेग रोखून धरला होता, तो सुटला. खड्डे ठेवा असं मी म्हणत नाही. खड्डे भरताना वेगाचा बंदोबस्तही करा.

समोरासमोरची धडक घेऊ. स्वीडनमध्ये तेरा मीटर रुंदीचे जुने दुपदरी रस्ते होते, दोन्हीकडे ऐसपैस साइडपट्टी असलेले. ओव्हरटेक करताना माणसं त्यावर फार मरत. चौपदरीला पैसा नव्हता. त्यांनी तेवढ्याच डांबरावर तीन पदर आखले. ओव्हरटेकचा मधला पदर थोडं अंतर एका बाजूला, मग थोडं अंतर दुसऱ्या बाजूला. आणि दोन दिशांच्या मधोमध पोलादी तारदोरांचा कठडा. जागा नवी नाही, जमीन संपादन नाही. त्या रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले. कठड्याला गाड्या घासायच्या, पत्रा चेपायचा, दुरुस्तीचा खर्च व्हायचा. माणूस मात्र घरी जायचा.

आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाकडे येऊ, कारण हा धडा आपल्याच दारात गिरवला गेला आहे. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी, २००२ मध्ये पूर्ण झालेला. देशातला असा पहिला रस्ता म्हणून आपण मिरवला, आणि त्यावर माणसं मरत राहिली. २०१२च्या डिसेंबरात आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे दोन अभिनेते तिथे गेले. समोरच्या दिशेचा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या गाडीवर आला होता. ज्याची काहीही चूक नाही त्याला समोरच्याच्या चुकीने मरावं लागतं ते असं. मधला हिरवा पट्टा छान दिसायचा, पण सुटलेल्या गाडीला अडवेल असं त्यात पुरेसं काही नव्हतं. नंतर मधल्या पट्ट्यात तारदोर लागले. आपल्याकडे त्याला ब्रायफेन रोप म्हणतात. जाताना खिडकीतून तीन-चार ओळींत ताणलेल्या दिसतात त्या. आदळलेल्या गाडीला त्या कुस्तीच्या फडातल्या मऊ मातीसारखं अंगावर घेतात, थोडं मागे सरकतात आणि पलीकडे जाऊ देत नाहीत.

२०१६ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, रस्ता सुरक्षेवर काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था आणि महिंद्रा यांनी मिळून या रस्त्यावर 'झिरो फेटॅलिटी कॉरिडॉर' नावाचं काम सुरू केलं. मला या कामात सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी सुरुवात अपघाताच्या जागेवर जाऊन केली. माणूस नेमका कशावर आदळून मेला? पुलाच्या उघड्या खांबावर, दिशाफलकाच्या पायाच्या काँक्रीटवर, कठड्याच्या टोकावर, की कडेला बंद पडून उभ्या असलेल्या ट्रकवर? मग त्या एकेका वस्तूचा बंदोबस्त. हलवता येत असेल तर हलवा, नाही तर कठड्याआड घ्या, तेही नाही तर लांबून दिसेल अशी करा. दुभाजकातल्या फटी बंद करा. जोडीला वेगावर नजर, आणि जखमीला लवकर उचलायची सोय.

२०१६ मध्ये त्या रस्त्यावर १५१ माणसं मेली होती. २०२० मध्ये ६६. ते वर्ष टाळेबंदीचं होतं, त्यामुळे त्या एका आकड्यावर फार विसंबू नये. पण नंतर गर्दी परतली, आकडा वर-खाली झाला, तरी १५१च्या आसपास पुन्हा गेला नाही. रस्ता तोच, घाट तोच, गाड्या उलट वाढलेल्या, आणि चालवणारी माणसंही आपणच. यात पोलिसांचा आणि रुग्णवाहिकांचा वाटा किती, अभियांत्रिकीचा किती, हे तराजूत तोलून वेगळं करता येणार नाही, पण आदळायला कमी वस्तू उरल्या हे नक्की.

कठड्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो सगळ्यांना दिसतो आणि फार थोड्यांना कळतो. वळणावर, पुलाजवळ लाटेसारखा दुमडलेला पत्रा खांबांवर बसवलेला असतो, तो क्रॅश बॅरियर. त्याचं काम गाडीला थांबवण्याचं नसून तिला अंगाअंगाने घासत पुढे वळवून देण्याचं आहे. त्यासाठी पत्रा वाकावा लागतो, खांब थोडा झुकावा लागतो. तुमच्या गावाजवळचा कठडा एकदा थांबून बघा. पत्रे एकमेकांवर कसे चढवले आहेत? गाड्या ज्या दिशेने येतात त्या बाजूचा पत्रा पुढच्या पत्र्यावर यायला हवा, घर शाकारताना वरचं कौल खालच्या कौलावर येतं तसा. उलटा बसवला तर गाडी घासत जाताना पत्र्याची कड धार होऊन समोर येते. कठड्यापुढे उंच कर्बस्टोन आहे का? असेल तर वेगातली गाडी त्या दगडावर चढून उडते आणि कठड्याच्या वरून जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टोक. कठडा जिथे सुरू होतो तिथे पत्र्याचं उघडं टोक येणाऱ्या गाडीकडे रोखलेलं असेल तर तो भाला आहे. गाडीच्या पुढून घुसून मागून निघाल्याची छायाचित्रं ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरता येत नाहीत. टोक बाजूच्या उतारात वळवून पुरावं लागतं, नाही तर त्यावर धडक शोषून घेणारी उशी बसवावी लागते. आणि जिथे पत्र्याचा कठडा संपून पुलाचा काँक्रीटचा कठडा सुरू होतो तिथे दोन्ही एकमेकांना घट्ट जोडलेले हवेत. मध्ये फट राहिली, की गाडी थेट काँक्रीटच्या तोंडावर.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी अशाच काँक्रीटच्या कठड्यावर आदळली. मागे बसलेले दोघे गेले. त्यांनी पट्टा लावला नव्हता, आणि देशभर चर्चा झाली ती पट्ट्याची. ती व्हायलाच हवी होती, मागच्या सीटवरचा पट्टा त्यानंतर कुठे लोकांच्या डोक्यात शिरला. पण त्या जागी तीन पदरांचे दोन होतात आणि पुलाचा कठडा वाटेतच पुढे येतो, हे तज्ज्ञांनी जागेवर जाऊन दाखवलं, त्याची चर्चा मात्र फार कमी झाली. पट्टा लावणं आपल्या हातात असतं, पुलाचं तोंड नसतं.

आता पुन्हा फाट्यावर येऊ. महामार्ग चौपदरी होतो, दुभाजक येतो, आणि दोन महिन्यांत धाब्यासमोर, पंपासमोर, गावच्या रस्त्यासमोर कोणीतरी दुभाजक फोडून वाट करतो. आपण त्याला बेशिस्त म्हणतो. त्याच्या जागी उभं राहून पाहा. शेत समोर दिसतंय, आणि वळायची जागा दोन किलोमीटर पुढे. म्हणजे जाऊन-येऊन चार किलोमीटर, दिवसातून चार वेळा, डोक्यावर वैरणीचा भारा किंवा टाकीत मोजकं पेट्रोल. तो फटीतून जाणार किंवा उलट्या बाजूने जाणार. ही बेशिस्त आखणीतच पेरलेली होती. आराखडा काढताना गावात येऊन कोणी विचारलं असतं की तुमचं शिवार कुठे, शाळा कुठे, बाजाराला कुठून जाता, तर भुयारी वाट योग्य जागी आली असती आणि सर्व्हिस रोड गावाला जोडला गेला असता. पादचारी पुलांचंही तेच. साठीतली बाई गुडघे धरत तीस-चाळीस पायऱ्या चढून उतरत नाही, ती रस्ताच ओलांडते. माणसाला जमिनीवरून जाऊ द्यावं आणि गाड्यांना तिथे हळू करावं, हे जास्त शहाणपणाचं.

हळू करायचं कसं, याचंही शास्त्र आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, पसरट, आणि ताशी २५ च्या आसपास गाडी त्यावरून न आदळता जाते. आपल्याकडे अपघात झाला की गावकरी चिडतात, रात्रीत डांबराचा किंवा सिमेंटचा हातभर रुंदीचा उंचवटा टाकला जातो. ना पांढरे पट्टे, ना फलक. मग त्याच उंचवट्यावरून मागे बसलेली बाई उडून पडते. गावकऱ्यांचा राग मला समजतो. पण मापाचा, रंगवलेला, आधी फलक असलेला गतिरोधक मागायला तेवढ्याच रागाने जायला हवं. शाळेपुढे तर झेब्रा पट्टाच उंचावून पसरट करता येतो, पोरंही वर दिसतात आणि गाडीही आपोआप मंदावते.

चौफुलीचा हिशोब सांगण्यासारखा आहे. चार रस्ते साधे एकत्र आले की गाड्यांच्या वाटा एकमेकींना भिडतात अशा ३२ जागा तयार होतात. तिथेच एकपदरी गोल चौक केला की त्या ८ उरतात. आणि गोलाला वळसा घ्यायचा असल्याने कोणी कुशीत सरळ घुसत नाही, घासतो. अट एकच, गोल खरा हवा. पुतळ्याभोवती चार बॅरिकेड लावून, पलीकडचं काही दिसू नये इतके फ्लेक्स बांधून जे होतं त्याला गोल चौक म्हणता येत नाही.

उताराची गोष्ट पुणेकरांना सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलाकडे लांबलचक उतार. २०२२च्या नोव्हेंबरात एका ट्रकने तिथे एका फटक्यात कितीतरी गाड्या उडवल्या, आणि २०२५च्या नोव्हेंबरात पुन्हा भीषण अपघात, आग, मृत्यू. डिझेल वाचवायला चालक गाडी न्यूट्रलला टाकतात हे खरं आहे. गिअरमध्ये असलं की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये सगळं वजन ब्रेकवर येतं, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक पकडत नाहीत. पेडल दाबलं जातं, गाडी थांबत नाही. पण जरा विचार करा, दर काही महिन्यांनी वेगवेगळ्या राज्यांतले वेगवेगळे चालक एकाच जागी तीच चूक करतात. मग त्या जागेलाही उत्तर द्यावं लागेल. उतार सुरू होण्याआधी ट्रकना सक्तीने थांबायला जागा, ब्रेक गार करायला वेळ, खालच्या गिअरची आठवण देणारे फलक, आणि ब्रेक गेलाच तर बाजूला चढावर जाऊन खोल खडीत रुतेल अशी सुटकेची वाट. खडी चाकाला धरते, जशी नदीच्या वाळूत बैलगाडी रुतते.

यंत्रणेच्या भाषेत अशा जागेला ब्लॅक स्पॉट म्हणतात. राष्ट्रीय महामार्गासाठी त्याची व्याख्या अशी: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. याद्या होतात, कामं होतात, त्याचा उपयोगही आहे. पण ही व्याख्या पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमचा दूधवाला आठवला. तो एकटा गेला. त्याने कोणतीच यादी भरत नाही. म्हणून मृत्यू मोजून जागा शोधण्याबरोबरच रस्ता खुला होण्याआधीच त्याचं सुरक्षा लेखापरीक्षण व्हायला हवं, आराखड्यावर एकदा, काम चालू असताना एकदा, आणि रात्री गाडीत बसून एकदा. रात्रीचं फार महत्त्वाचं. दिवसा सुंदर दिसणारा रस्ता रात्री पावसात कुठे वळतो तेच कळत नाही, पांढरी पट्टी पुसलेली असली तर.

कायदाही आता एवढा मुका नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ हे कलम आलं. रस्ता ठरलेल्या निकषांप्रमाणे बांधला नाही, राखला नाही आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा जायबंदी झालं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम जीवापुढे काहीच नाही. पण पंचनाम्यात चालकाच्या चुकीबरोबर रस्त्याच्या चुकीला जागा मिळायला हे कलम आधार देतं. त्यासाठी पंचनाम्याच्या वेळी कोणीतरी कडेची उंची मोजावी लागते, फोटो काढावा लागतो, पट्टी होती की नव्हती ते लिहावं लागतं. दुसऱ्या दिवशी मुरूम टाकला गेला की पुरावा गेला.

आमच्या फाट्यावर ग्रामसभेचा ठराव, फोटो आणि चार-पाच खेपांनंतर साइडपट्टी भरली गेली. मुरूम डांबराच्या बरोबरीला आणून दाबला, कड उभी न ठेवता तिरकी उतरवली, म्हणजे खाली गेलेलं चाक न घासता परत वर येतं. कडेने पांढरी रेघ ओढली, तीही तशी नेहमीची, पण पहाटे धुक्यात डांबर कुठे संपतं ते आता दिसतं. कारखान्याने यंदा उसाच्या ट्रॉल्यांना मागे लाल रिफ्लेक्टर लावले. भरलेली साइडपट्टी मंदिरापासून ओढ्याच्या मोरीपर्यंतच आहे, पाव किलोमीटरही नसेल. मोरीच्या पुढे कड अजून तशीच आहे, आणि वरच्या वस्तीवरचे दूधवाले पहाटे पाचला तिथूनच खाली येतात. पुढच्या ग्रामसभेत मोरीपुढचा ठराव मांडायचा आहे. मोजपट्टी लावलेले फोटो काढून ठेवले आहेत.